तीन पेन्सच्या करासाठी कुणी युद्ध करतं का?

प्रश्न असा आला आहे: ब्रिटनने अमेरिकेतल्या वसाहतींवर लावलेले कर तसे किरकोळ होते, चहावर तर पौंडामागे जेमतेम ३ पेन्स. मग एवढ्याशा करावरून सुरू झालेली कुरबुर आठ वर्षांच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत कशी गेली? आणि ती मध्येच मिटवता आली नसती का?

मी जगाचा इतिहास शिकवतो, बहुतेक करून स्पर्धा परीक्षांच्या मुलांना. या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर त्यांना तोंडपाठ असतं: 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही', मग बोस्टनच्या बंदरात चहा, मग एकदम ४ जुलै १७७६. मार्क मिळतात, पण मधला सांधा निखळलेलाच राहतो. कराच्या तक्रारी जगात सगळीकडे होतात. लोक ओरडतात, थोडे दिवस बुडवतात, सरकार थोडं नमतं घेतं आणि प्रकरण शांत होतं. इथे ते का झालं नाही, हा खरा प्रश्न आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. भांडण रकमेवर कधीच नव्हतं. तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला, यावर होतं. आणि कर बुडवायला, माल अडवायला गावोगाव ज्या समित्या उभ्या राहिल्या, त्या कधी राज्य करू लागल्या हे लंडनला कळलंसुद्धा नाही.

आधी वसाहतींचा कारभार कसा चाले ते बघू. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली विधानसभा होती आणि कर बसवायचा अधिकार तिच्याकडे होता. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेला. पण त्याचा पगार मंजूर करणार स्थानिक विधानसभा. म्हणजे गव्हर्नरसाहेब कितीही तोऱ्यात असले तरी वर्षाअखेर या शेतकरी-व्यापारी मंडळींशी गोडीनेच घ्यावं लागे. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बोस्टनच्या वसाहतीत, त्याखाली गावसभा. रस्ता कुठे करायचा, पाद्र्याला किती द्यायचे, शाळामास्तर कोण, सगळं गावातली मिळकतदार पुरुषमंडळी हात वर करून ठरवत. दीडशे वर्षांच्या या सवयीला लंडननेही फारसा धक्का लावला नव्हता.

१७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रान्स हरला, कॅनडा ब्रिटनकडे आला. पण ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते तेरा कोटींच्या घरात गेलं. त्यात अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल हिशेबी माणूस. त्याची बाजू मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नव्हती: युद्ध तुमच्या संरक्षणासाठी झालं, सैन्य तुमच्या सरहद्दीवर, आणि इंग्लंडातला माणूस तुमच्या कितीतरी पट कर भरतो, मग थोडा भार तुम्ही उचलायला काय हरकत? इंग्लंडमध्ये त्याच सुमारास सफरचंदाच्या दारूवर, सायडरवर, कर बसवला तर तिथेही दंगली झाल्या होत्या. पण वसाहतींचं म्हणणं वेगळं होतं. फ्रेंच गेले, आता सैन्य कशाला? शिवाय १७६३ च्या जाहीरनाम्याने अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातलेली. ज्या जमिनीवर जमीनदारांपासून सामान्य शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचा डोळा होता, तीच मूळ रहिवासी जमातींसाठी राखलेली. म्हणजे हे सैन्य आपलं रक्षण करतंय की आपल्याला अडवतंय, अशी शंका आधीपासूनच होती.

१७६४ चा साखर कायदा हे पहिलं पाऊल. गंमत अशी की त्यात मळीवरचा कर वाढवला नव्हता, गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणला होता. फरक एवढाच की ६ पेन्स कुणी भरत नव्हतं, जकात अधिकाऱ्याचा हात ओला केला की जहाज सुटे. आता ३ पेन्स खरोखर वसूल होणार होते. रम गाळणाऱ्या न्यू इंग्लंडला, म्हणजे बोस्टनकडच्या उत्तरेतल्या वसाहतींना, हे झोंबलं. त्याहून जास्त झोंबलं ते असं की चोरट्या व्यापाराचे खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयात चालवायची सोय झाली. गावातले बारा जण आपल्याच माणसाला सोडून देतात, हे सरकारला पक्कं माहीत होतं.

पुढच्या वर्षी स्टॅम्प अ‍ॅक्ट. आपल्याला स्टॅम्प पेपर म्हटलं की भाडेकरार आठवतो; तिथे दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, पदव्या, पत्त्यांचे जोड, सोंगट्यांचे फासे, सगळ्यावर मुद्रांक. आणि पैसे स्थानिक कागदी चलनात चालणार नाहीत, इंग्रजी नाण्यांतच हवेत, ज्यांची वसाहतीत कायम टंचाई. अपेक्षित उत्पन्न वर्षाला ६०,००० पौंड. त्यासाठी ग्रेनव्हिलने दुखावलं कुणाला? वकिलांना, छापखानेवाल्यांना, व्यापाऱ्यांना आणि खानावळवाल्यांना. म्हणजे जे लिहितात, जे बोलतात आणि ज्यांच्याकडे बसून बाकीचे ऐकतात त्यांना. एकाच कायद्याने गावातली सगळी बोलकी तोंडं विरोधात नेण्याचा असा पराक्रम विरळाच.

१४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमध्ये मुद्रांक वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एका मोठ्या एल्म झाडाला टांगलेला दिसला. संध्याकाळी एबेनेझर मॅकिंटॉश नावाच्या चांभाराच्या पुढारपणाखाली जमावाने तो मिरवला, ऑलिव्हरच्या मालकीची एक इमारत पाडली, मग घराकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या दिवशी ऑलिव्हरने हे काम सोडायचं कबूल केलं. बारा दिवसांनी नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर जमावाने पार धुऊन काढलं. प्रतिष्ठित पुढाऱ्यांनाही तेव्हा घाम फुटला, कारण चांभार, गोदी कामगार एकदा रस्त्यावर उतरले की कुठे थांबतील याचा नेम नव्हता. पण युक्ती तर सापडली. कायदा रद्द करून घेण्याची गरजच नाही, तो राबवणाऱ्या माणसाला राजीनामा द्यायला लावला की झालं. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायचा होता. तोवर जवळजवळ सगळ्या वसाहतींत वितरकच उरले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. घोषणा प्रतिनिधित्वाची, पण या परिषदेने पार्लमेंटमध्ये जागा मागितल्या नाहीत. उलट ठरावात म्हटलं की इतक्या अंतरावरून आमचं प्रतिनिधित्व तिथे होऊच शकत नाही, म्हणून आमच्यावर कर आमच्याच विधानसभा बसवू शकतात. मागणी लंडनमध्ये चार खुर्च्यांची नव्हती, लंडनने यातून हात काढून घेण्याची होती. ब्रिटिश बाजूचं उत्तर होतं की मँचेस्टर, बर्मिंगहॅमलाही खासदार नाहीत, तरी पार्लमेंट सगळ्यांचंच प्रतिनिधित्व करतं. यावर वसाहतवाल्यांचं म्हणणं: मँचेस्टरवर कर बसवणारा खासदार स्वतःही तो कर भरतो; आमच्यावर बसवला तर त्याचा तेवढा वाचतो.

मार्च १७६६ मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट मागे घेतला गेला, मुख्यतः माल खपेनासा झाल्यावर लंडनच्या व्यापाऱ्यांनीच गळा काढला म्हणून. वसाहतींत दिवाळी साजरी झाली. पण त्याच दिवशी पार्लमेंटने आणखी एक कायदा केला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. कर सोडला, हक्क सोडला नाही. पुढच्या दहा वर्षांत हाच प्रकार पुन्हा पुन्हा होताना दिसेल.

१७६७ चे टाउनशेंड कर मी झटपट उरकतो: काच, शिसं, रंग, कागद, चहा. महत्त्वाचा भाग कर कशावर हा नाही, पैसा कुठे जाणार हा आहे. या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार देण्याची तरतूद होती. वर सांगितलेला तो पगाराचा लगाम आठवा. तो विधानसभेच्या हातून सुटणार होता. परीक्षेच्या उत्तरात हे वाक्य घाला, बाकी यादी विसरलात तरी चालेल.

यावर बहिष्कार आला, यावेळी जास्त नीट बांधलेला. व्यापाऱ्यांनी करारावर सह्या केल्या, न पाळणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापलं. बायका पाद्र्याच्या घरी चरखे घेऊन जमायच्या आणि दिवसभर सूत कातायच्या, विलायती कापड नको म्हणून. आपल्याला हे चित्र नवीन नाही, पण हे १७६८-६९ चं आहे. न्यूयॉर्कला ब्रिटनमधून येणारा माल १७६८ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार पौंडांचा होता, पुढच्या वर्षी तो ७५ हजारांच्या आसपास आला. बोस्टनला सैन्य उतरवलं गेलं. सोळा हजार वस्तीच्या गावात लाल डगलेवाले, त्यातले कित्येक फावल्या वेळात कमी मजुरीवर कामं करून स्थानिकांच्या पोटावर पाय देणारे. ५ मार्च १७७० च्या रात्री शिवीगाळ, बर्फाचे गोळे, आणि मग गोळीबार. पाच माणसं गेली. सैनिकांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतलं, तोच जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला; बहुतेक जण सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. आणि नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंड कर मागे घेण्याचा प्रस्ताव मांडत होता. चहा सोडून. पुन्हा तेच: माघार घ्यायची, पण हक्काची एक खुंटी ठोकून ठेवायची.

मग तीन वर्षं बरीच शांतता होती, हे पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही. चहावरचा कर चालू होता, काही जण तो मुकाट्याने भरत होते, बाकीचे डच चोरटा चहा पीत होते. व्यापार भरभराटीला आला. बोस्टनचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्ससारखे लोक वैतागले होते की सगळे थंड पडले. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि न्यायाधीशांचा पगार खरोखरच सरकारी तिजोरीतून देण्याचं ठरलं, तेव्हा त्याने संधी साधून बोस्टनच्या गावसभेत पत्रव्यवहार समिती स्थापन करवून घेतली. काम एकच: बाकीच्या गावांना पत्रं लिहायची, उत्तरं मागवायची. बघता बघता शंभरावर गावं जोडली गेली.

आणि मग आपल्याकडची मंडळी प्रवेश करतात. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला टेकली होती. बंगालचा दुष्काळ, युद्धांचा खर्च, अधिकाऱ्यांची लूट, आणि लंडनच्या गोदामांत पडून असलेला पावणेदोन कोटी पौंड वजनाच्या आसपास चहा. सरकारने १७७३ मध्ये कंपनीला कर्ज दिलं, तिच्या भारतातल्या कारभारावर देखरेखीसाठी रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला आणि तिचा चहा खपावा म्हणून टी अ‍ॅक्ट. आमची मुलं पहिला कायदा राज्यघटनेच्या पेपरसाठी पाठ करतात, दुसरा जागतिक इतिहासासाठी, आणि दोन्ही एकाच दिवाळखोरीची पोरं आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. जाता जाता: तो चहा चिनी होता. आसामचे मळे अजून पन्नास-साठ वर्षं दूर होते.

टी अ‍ॅक्टने चहा स्वस्त झाला, चोरट्या चहाशी टक्कर देण्याइतका. मग विरोध का? कारण स्वस्त चहा घेतला की ३ पेन्सचा कर आपोआप भरला जातो आणि हक्क मान्य झाल्यासारखं होतं. शिवाय कंपनी मोजक्याच अडत्यांना माल देणार. बोस्टनच्या अडत्यांत हचिन्सनचे, म्हणजे आता गव्हर्नर झालेल्या त्याच गृहस्थाचे, दोन मुलगे. बाकी व्यापाऱ्यांनी काय करायचं? न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाने जहाजं परत पाठवली. हचिन्सन मात्र अडून बसला: जकात भरल्याशिवाय जहाज बंदराबाहेर जाणार नाही. जकात भरायची मुदत संपत आली होती.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री काय झालं ते जॉर्ज ह्यूज नावाच्या गरीब चांभाराने म्हातारपणी सांगून ठेवलंय. कप्तानाकडे जाऊन जहाजाच्या तळातल्या कोठाराच्या किल्ल्या आणि डझनभर मेणबत्त्या मागायचं काम त्याच्याकडे होतं. कप्तानाने मुकाट दिल्या, फक्त जहाजाला आणि दोरखंडाला धक्का लावू नका म्हणाला. तीन जहाजांतल्या ३४२ पेट्या वर आणून कुऱ्हाडीने फोडल्या आणि सगळा चहा पाण्यात. कुणी चहा चोरायचा नाही असा दंडक होता. ओकॉनर नावाच्या एकाला कोटाच्या अस्तरात चहा कोंबताना ह्यूजने पाहिलं आणि पळताना त्याच्या कोटाचा घोळ धरला, तो फाटून हातात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर चहाचे थर तरंगत होते, तर काही जणांनी होड्या घेऊन वल्ह्यांनी तो झोडपून बुडवला. कंपनीचं नुकसान ९,६५९ पौंड.

इथपर्यंतही हे दंगल आणि मालाची नासधूस याच सदरात होतं. बेंजामिन फ्रँकलिनसारख्यांना वाटत होतं की चहाची भरपाई द्यावी. सांधा आहे तो १७७४ मध्ये, आणि तो लंडनने बसवला. बोस्टन बंदर १ जूनपासून बंद. हे झोंबणारं होतंच. पण दुसरा कायदा त्याहून जहाल होता. मॅसॅच्युसेट्सची सनद, म्हणजे तिथला कारभार कसा चालावा हे ठरवणारा राजाचा दस्तऐवज, बदलली. वरिष्ठ सभागृह आता राजा नेमणार, न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, ज्यूरी शेरीफ निवडणार, आणि गावसभा वर्षातून एकदाच. जास्त हवी तर गव्हर्नरची परवानगी. चहा न पिणाऱ्या, बोस्टन कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यापर्यंत हा कायदा पोहोचला. कर्जाचा खटला झाला तर जमीन जप्त करणारा न्यायाधीश आता पूर्णपणे वरून आलेला असणार, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टर गावात न्यायालय भरायचं होतं. ३७ गावांतून सुमारे ४,६०० मिलिशियावाले, म्हणजे गावरक्षक दलातले लोक, आले, गावागावाच्या तुकड्या करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. न्यायाधीश, वकील, शेरीफ यांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालत जावं लागलं आणि मागचे ऐकू येत नाही म्हणतात म्हणून नव्या कायद्याखाली काम न करण्याचं कबुलीपत्र तीसेक वेळा पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. एक गोळी सुटली नाही. असंच बाकी जिल्ह्यांत झालं आणि बोस्टनबाहेर राजाचा अंमल संपला. ऑक्टोबरमध्ये प्रांतिक काँग्रेस, म्हणजे गावांच्या प्रतिनिधींची सभा, बसली आणि तिने गावांना कळवलं की कर थांबवू नका, फक्त राजाच्या खजिनदाराऐवजी आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनरकडे जमा करा. करावरून पेटलेल्या या भांडणात मला हा सगळ्यात बोलका कागद वाटतो.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात बारा वसाहतींच्या काँग्रेसने आयातबंदी जाहीर केली आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला प्रत्येक गाव-तालुक्यात समित्या निवडायला सांगितलं. या समित्या दुकानं तपासत, हिशेबवह्या बघत, न ऐकणाऱ्याला वाळीत टाकत. हजारो सामान्य माणसं त्यांत पहिल्यांदाच सत्तेत आली. हे सगळं गोड नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. राजनिष्ठांना डांबर-पिसं फासली गेली, छापखाने बंद पाडले गेले. पुढे साठ हजारांच्या आसपास राजनिष्ठ देश सोडून गेले.

१९ एप्रिल १७७५ ला बोस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेजने जवळच्या कॉन्कर्ड गावातला वसाहतवाल्यांचा शस्त्रसाठा जप्त करायला सातशेच्या आसपास सैनिक पाठवले. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर आठ वसाहतवाले मेले. परतीच्या वाटेवर भिंतींआडून झालेल्या माऱ्यात ब्रिटिशांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७३. लेव्ही प्रेस्टन नावाचा एक वसाहतवाला त्या दिवशी लढला होता. नव्वदी ओलांडल्यावर त्याला कुणीतरी विचारलं की स्टॅम्प अ‍ॅक्टचा जाच झाला म्हणून का? तो म्हणाला, एकही स्टॅम्प कधी पाहिला नाही. मग चहाचा कर? मी त्याचा थेंब प्यायलो नाही. मग कशासाठी? आम्ही नेहमी आमचा कारभार आम्हीच केला आणि पुढेही करणार होतो. त्यांना ते नको होतं.

तरी युद्ध सुरू होऊन कित्येक महिने स्वातंत्र्य फारसं कुणी उघडपणे मागत नव्हतं. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने राजाला तडजोडीचा अर्ज पाठवला. भाबडी समजूत अशी की पार्लमेंट वाईट, राजा चांगला. राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर जाहीर केलं, डिसेंबरमध्ये पार्लमेंटने त्यांची जहाजं शत्रूची समजून पकडायचा कायदा केला. व्हर्जिनियात गव्हर्नर डनमोरने बंडखोर मालकांच्या गुलामांना, राजाकडून लढल्यास, स्वातंत्र्य देऊ केलं. ज्या मळेवाल्यांचं मन अजून डळमळत होतं ते यावर एकदम पक्के झाले. स्वातंत्र्याच्या लढ्यातला हा डाग झाकून चालत नाही: वसाहतींतला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस गुलाम होता. जानेवारी १७७६ मध्ये थॉमस पेनच्या पुस्तिकेने राजाबद्दलची उरलीसुरली माया घालवली. हा पेन इंग्लंडमध्ये पूर्वी अबकारी खात्यात नोकरीला होता, म्हणजे कर वसूल करणारा.

जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा कधीतरी पूर्ण वाचा, सुरुवातीची दोन वाक्यं सोडून. राजावरच्या सत्तावीसेक आरोपांत संमतीशिवाय कर हा एकच, आणि तोही यादीत बराच खाली. वर आहेत विधानसभा बरखास्त केल्या, न्यायाधीश मिंधे केले, शांततेत सैन्य ठेवलं.

लढाईचा तपशील इथे देत नाही. १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिश सेना शरण आली, त्यानंतर फ्रान्स उघडपणे उतरला आणि मामला जगभर गेला. त्याचे पडसाद पुण्यातही उमटले. सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस १७७७ मध्ये नाना फडणवीसांच्या दरबारी आला, तेव्हा कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जची झोप उडाली होती ती याच फ्रेंच भीतीने. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडेच आला.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: मिटवता आलं असतं का? १७६६ मध्ये तो हक्क सांगणारा कायदा केला नसता तर बहुधा हो. १७७४ च्या उन्हाळ्यापर्यंत, सनदेला हात लावला नसता, तर कदाचित. वुस्टरनंतर मला ते कठीण दिसतं, कारण परत द्यायला लागणारी गोष्ट आता कर नव्हती, चालू झालेलं राज्य होतं. १७७८ मध्ये लॉर्ड नॉर्थच्या सरकारने स्वतःच कायदा करून वसाहतींवर महसुलासाठी कर बसवण्याचा हक्क सोडला, चहाचा करही काढला, आणि तडजोडीला कमिशन पाठवलं. दहा वर्षं ज्यावरून डोकेफोड झाली ते सगळं त्यात होतं. कमिशन जूनमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचलं तेव्हा ब्रिटिश सैन्य ते शहर सोडायच्या तयारीत होतं. काँग्रेसने उत्तर दिलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा सैन्य मागे घ्या, मग बोलू. त्यानंतर तह व्हायला आणखी पाच वर्षं लागली.